बँकेच्या डोक्यावर पगडी

मी दुभाषी आहे. जपानी माणूस बोलला की इंग्रजीत सांगायचं, इंग्रजी बोलणारा बोलला की जपानीत, आणि दोघंही गप्प बसले की पाणी प्यायचं, एवढंच काम. पुण्यात त्याला तोटा नाही. सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जपानीचा एक क्लास आहे, पलीकडच्या गल्लीत दुसरा, आणि दोघांच्याही पाट्यांवर 'शहरातील सर्वांत जुना' असं लिहिलेलं आहे. मी त्यांतल्या एकात शिकले. कोणत्या ते सांगत नाही. दुसऱ्या क्लासचे सर रोज जिन्यात भेटतात.

गेली काही वर्षं माझं बरंचसं काम एकाच कंपनीत होतं. मेमरी चिप बनवणारी परदेशी कंपनी, तिचं पुण्यातलं केंद्र खराडीच्या बाजूला. नाव सांगणार नाही. करारात तसं आहे. आपले फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि कधीच न वाचलेली पुस्तकं ज्या काळ्या तुकड्यांत साठतात, ते तुकडे ही कंपनी विकते. तिची एक जपानी भागीदार कंपनी होती. तीही तेच तुकडे विकायची. बाजारात दोघी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायच्या आणि कारखान्यात एकाच छपराखाली काम करायच्या. हे कसं काय, ते मला कळेना. दुभाष्याला सगळं कळलंच पाहिजे असं नाही, पण न कळलेलं वाक्य तोंडातून बाहेर काढताना घास अडकल्यासारखं होतं.

समजावून सांगितलं ते तिथल्या एका गटप्रमुख बाईने. मूळची यवतमाळकडची, माझ्याहून बरीच लहान, पण हुद्द्याने एवढी मोठी की मी तिला मॅडम म्हणायला हवं होतं. ते तिने पहिल्याच दिवशी मोडून काढलं. "मॅडम-बिडम नको बाप्पा. मी तुम्हाला ताई म्हणते, तुम्ही अगं-तुगं करा." पुण्यात तिची पंधरा-वीस वर्षं गेली होती आणि भाषा बरीचशी इथली झाली होती. चिडली किंवा खूश झाली की तेवढं वऱ्हाड बाहेर यायचं.

"ताई, आमचा धंदा म्हणजे मार्केट यार्डातला कांदा," ती म्हणाली. "कांद्यावर कोणाचं नाव नसते. भाव चढला की सगळेच लावतात, पीक एकदम येते, भाव कोसळते. फरक इतकाच की आमची पेरणी करायला निम्म्या जिल्ह्याच्या किमतीचा कारखाना लागते. एकट्याला झेपत नाही. म्हणून दोघं मिळून."

"म्हणजे एका चुलीवर दोन खानावळी."

"हो ना. आणि दोन्ही मालक एकमेकांच्या रश्श्यात मीठ किती पडलं ते पाहून राहिले."

कंपनीच्या पत्रकांत याला 'सामायिक भविष्याकडे वाटचाल' म्हणत. ते शब्द मी इतक्या वेळा भाषांतरित केले होते की जिना उतरताना हात कठड्याकडे जावा तसे ते आपोआप निघायचे. पैसा हा शब्द मात्र त्या बैठकांत मला जवळजवळ कधीच उच्चारावा लागला नाही. माणसं तासन्‌तास थर, तापमान आणि विश्वासार्हता यांवर बोलत. मी आपली थरांचं जपानी करत बसायची, आणि काहीतरी हातातून निसटतंय असं वाटत घरी यायची.

मग भाव पडले. मला ते बिस्किटांवरून कळलं. आधी काजूची बंद झाली, मग साधी, मग बैठकीत "ज्यांनी त्यांनी आपापला चहा आणावा" अशी सूचना आली. प्रवास थांबले. सगळ्यांच्या बोलण्यात 'शिस्त' हा शब्द वाढला. भरपूर कमावत असताना शिस्तीबद्दल बोलणारी कंपनी मी पाहिलेली नाही.

नेमकं याच मंदीत दोन्ही कंपन्यांना पुढच्या पिढीच्या चिपसाठी एक वाट निवडायची होती. एक वाट जपान्यांची. चिपचे दोन भाग वेगवेगळे बनवायचे आणि मग तोंडाला तोंड लावून जोडायचे. चिप उत्तम होणार, पण त्यासाठी नवी यंत्रं हवीत, आणि ती भयंकर महाग. दुसरी वाट पुण्याची, म्हणजे या गटप्रमुख बाईच्या गटाची. चिप जुन्याच यंत्रांवर बनवायची. ती जरा कच्ची निघणार, साठवलेल्या मजकुरात चुका होणार. पण मजकूर वाचताना त्या चुका ओळखून दुरुस्त करणारी तिची पद्धत इतकी चलाख होती की वापरणाऱ्याला पत्ता लागू नये.

"म्हणजे छापखाना जुनाच, पण मुद्रितशोधक हुशार," मी म्हटलं.

तिला ते फारसं आवडलं नाही. "मी छापखाना वाचवायला नव्हती केली ती, ताई. चांगल्या चिपा अजून चांगल्या व्हाव्यात म्हणून केली."

मुलीच्या बालवाडीपासून चौथीपर्यंतचा काळ तिने या पद्धतीत घातला होता. निवड झाली नाही तर गट मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाला काढणार नव्हते. इकडे-तिकडे वाटून टाकणार होते, आणि पद्धत कुठेतरी पडून राहणार होती. माणसाला नोकरी मिळते दुसरी. या पद्धतीला दुसरं कोणी नव्हतं.

निवडीआधी जपानहून तिघंजण पुण्यात आले. प्रमुख होते ते चाळिशीतले, निळा टाय, प्रत्येक वाक्यानंतर किंचित मान हलवणारे. दुसरे त्यांच्या जोडचिपेचे जनक, हडकुळे इंजिनिअर, खिशात कायम पेन्सिल. तिसरे एक पांढऱ्या केसांचे आजोबा. त्यांच्या कार्डावर दोन्ही भाषांत 'सल्लागार' एवढंच होतं. ते टेबलाच्या टोकाला बसायचे आणि अजिबात बोलायचे नाहीत. पण तांत्रिक चित्र पडद्यावर आलं की ते चष्मा काढून ठेवायचे, आणि यंत्रांचा तक्ता आला की चष्मा घालायचे.

हे गटप्रमुख बाईच्याही लक्षात आलं होतं. मधल्या सुट्टीत तिने मला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं.

"ताई, हा म्हातारा कोण आहे?"

"सल्लागार."

"कशाचा?"

"ते कार्डावर नाही."

"तुम्हाला माहीत आहे, सांगत नाही तुम्ही."

"माहीत नाही. अंदाज आहे. अंदाज सांगायचे मला पैसे मिळत नाहीत."

"पुणेकर ते पुणेकरच," असं म्हणून ती गेली.

संध्याकाळी सत्कार होता. आमच्या केंद्रप्रमुखांना सत्काराचं वेड होतं. पाहुणा कोणीही असो, शाल, श्रीफळ, कसब्यातून आणलेलं तांब्याचं भांडं आणि डोक्यावर पुणेरी पगडी. मुख्यालयातला लेखापरीक्षक आला तेव्हा त्यालाही घातली होती, आणि अहवालात त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मंदीत बिस्किटं गेली, पण पगडी राहिली.

"पगडी निळ्या टायवाल्यांना ना?" मी खात्री करून घेतली, कारण सूत्रसंचालनाचं जपानी माझ्याच गळ्यात होतं.

"अहो, तो माझ्या भाच्याएवढा आहे! शेजारी एवढे वयस्कर गृहस्थ उभे असताना पोराला पगडी? बरं दिसेल का ते?"

"सर, प्रमुख तेच आहेत."

"कागदावर. आपल्यात मान वयाला. त्यांच्यातही तसंच असतं ना? तुम्ही शिकलायत."

"असतं, पण..."

"मग झालं तर."

सभागृहात मोठ्या पडद्यावर आमच्या परदेशातल्या मुख्यालयातले उपाध्यक्ष दिसत होते. त्यांच्याकडे सकाळ होती, हातात कॉफी होती आणि चेहऱ्यावर अशा समारंभांत माणसं ठेवतात ते हसू होतं. केंद्रप्रमुखांनी आजोबांना हाताला धरून मधोमध आणलं. निळ्या टायवाल्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबले. शाल पडली, नारळ आला, पगडी चढली. ती जरा मोठी होती, भुवयांपर्यंत उतरली. टाळ्या झाल्या.

पडद्यावरून उपाध्यक्षांनी अगदी सहज विचारलं, "हे गृहस्थ कोण? आमची ओळख झालेली नाही."

निळ्या टायवाल्यांनी तोंड उघडलं. पण सत्कार झालेल्या माणसाने चार शब्द बोलायचे असतात, हा रिवाज जपानातही आहे, आणि आजोबा जुन्या वळणाचे होते. पगडी सावरून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि बोलायला लागले. मी इंग्रजीत सांगत गेले.

"या कंपनीला ज्या बँकेने कर्ज दिलं आहे, तिचा मी कर्मचारी. कार्डावर सल्लागार लिहिलं आहे ते सौजन्य म्हणून. पुढचे पैसे कशावर खर्च होणार आहेत ते पाहायला मी आलो. आयुष्य बँकेत गेलं. माझा असा सन्मान कोणी कधी केला नव्हता. हे डोक्यावर असताना खोटी ओळख सांगणं मला जड जातं."

शब्दन्‌शब्द सांगितला. दुसरं काय करणार? हडकुळे इंजिनिअर छताकडे बघत होते. उपाध्यक्षांनी कॉफी खाली ठेवली आणि काहीतरी लिहून घेतलं. केंद्रप्रमुखांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भाषण भावपूर्ण झालं.

भागीदाराची नाडी बँकेच्या हातात आहे, हे त्या क्षणी आमच्या बाजूला पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत वाक्यं आखूड झाली होती. कालपर्यंत "आपल्याला योग्य वाटेल तेव्हा" असं म्हणणारे उपाध्यक्ष आता "कधीपर्यंत?" एवढंच विचारत होते. नम्रता किती पातळ असते ते दुभाष्याला सगळ्यांत आधी कळतं. तिच्यासाठी लागणारे शब्द एकदम कमी होतात. आजोबांची खुर्ची टोकावरून मधे आली होती. कोणी हलवली ते मी पाहिलं नाही.

केंद्रप्रमुखांनी गटप्रमुख बाईला दाराबाहेर गाठलं. मी शेजारीच होते; दुभाष्याला माणसं खांबच समजतात.

"आज विचारणार आहेत, तुझ्या पद्धतीवर जुनी यंत्रं किती वर्षं चालतील. चार सांग."

"दोन आहेत सर."

"चार म्हणजे अगदी चारच असं नाही. जरा आशावादी राहायचं."

"आशा चिपमध्ये साठवता येत नाही सर."

"निवड तुला हवी आहे की नको?" ते म्हणाले. तिने दाराची कडी काढली आणि ती आत गेली. 

प्रश्न आजोबांनीच विचारला. दोन दिवसांतला त्यांचा पहिला कामाचा प्रश्न. "या पद्धतीने सध्याची यंत्रं किती काळ वापरता येतील?"

मी इंग्रजी केलं. केंद्रप्रमुख तिच्याकडे बघत होते. तिच्या पद्धतीचा जीव या उत्तरावर आहे हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "त्यानंतर चुका इतक्या वाढतील की माझी पद्धत पुरी पडणार नाही. आणि तोवर इतर कंपन्या नव्या यंत्रांवर पुढे गेलेल्या असतील. तेव्हा पडलो तर जोरात पडू."

हडकुळ्या इंजिनिअरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मान हलवली. त्यांचाही आकडा तोच असणार. केंद्रप्रमुखांनी डोळे मिटले.

"दोन पुरेत," आजोबा म्हणाले. "आमच्या कर्जाची मुदत तेवढीच आहे."

"आणि नंतर?" तिने विचारलं. हे विचारायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"तो प्रश्न माझ्यानंतर येणाऱ्या माणसाचा. मी तोवर निवृत्त होईन."

हडकुळे इंजिनिअर एकदाच, कोरडं हसले.

पत्रक निघालं. 'तांत्रिक गुणवत्तेच्या निकषावर, परस्पर विश्वासातून' पुण्याची पद्धत निवडली गेली होती. मी त्याचं जपानी केलं. कँटीनमध्ये ती समोर इडली घेऊन बसली होती, खात नव्हती.

"जिंकलीस की गं," मी म्हटलं.

"मी जिंकली नाही, ताई. मी स्वस्त निघाली."

जोडचिपेचं काम जपानात गुंडाळलं गेलं. युतीचा एक नियम असा की ज्याची पद्धत चालणार त्याच्याकडे दुसऱ्याने आपला माणूस द्यायचा. म्हणून मग हडकुळे इंजिनिअरच पुण्यात आले, तिच्या हाताखाली. सोबत त्यांनी आपल्या नमुन्याच्या थोड्याशा जोडचिपा आणल्या होत्या. नोंद होती, परवानगी होती, पण त्यांचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. नको झालेल्या वस्तूंबद्दल कोणी काही सांगत नाही.

शनिवारी इमारत रिकामी असायची. ती दोघं त्या दिवशी त्या चिपांवर तिची पद्धत लावून बघू लागली. त्यांचं इंग्रजी तुटक, तिचं जपानी शून्य, म्हणून मीही जायची. पैसे घेत नव्हते. का जात होते, ते मला नीट सांगता येत नाही. घरी बसवत नव्हतं, एवढं खरं. पत्रकांची भाषांतरं करून तोंडाला जी चव आली होती ती तिथे जायची.

त्या शनिवारांत जे निघालं ते साधं होतं. जोडचिप आणि तिची दुरुस्ती एकत्र आली की चिपचं आयुष्य दोघांपैकी कोणीही मांडलं होतं त्याच्या कितीतरी पुढे जात होतं. तिने ती पद्धत मुळात केली होती ती यासाठीच, चांगल्या चिपेसाठी. दोन वाटांतली एक निवडा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं होतं आणि वर्षभर सगळे त्यावर भांडले होते. त्या दोन वाटा नव्हत्याच. दोन्हींचे पैसे कोणाकडे नव्हते, म्हणून त्या दोन दिसत होत्या.

"हे बैठकीत मांडू या," हडकुळे इंजिनिअर म्हणाले. पण दोघांपैकी कोणीही ते मांडलं नाही. कारण यंत्रं घ्यायला पैसे अजूनही नव्हते.

पैसे आले, पण निराळ्या मार्गाने. सगळ्या जगाला एकदम कृत्रिम बुद्धिमत्ता हवी झाली आणि त्या बुद्धीला म्हणे स्मरणशक्ती फार लागते. मेमरी चिपांचे भाव चढले. बिस्किटं परत आली, काजूचीसुद्धा. मला वाटलं, आता यांचं सुरळीत होणार. दुभाषी असून मी इतकी भाबडी कशी राहिले, कोण जाणे. पैसा आल्यावर दोन्ही कंपन्यांना पहिली गोष्ट सुचली ती ही, की आता एकमेकांची गरज नाही. जपान्यांनी कर्ज फेडलं, स्वतःची यंत्रं मागवली आणि जोडचिप पुन्हा बाहेर काढली. आमच्या मुख्यालयाने नवा कारखाना स्वतंत्रपणे काढायचं ठरवलं. 'सहकार्याची फेरमांडणी' असं पत्रक निघालं. गरिबीने त्यांना एक निवडायला लावलं होतं, श्रीमंतीने वेगळं केलं. दोन्ही एकत्र करायची वेळ मधे कुठे आलीच नाही.

हडकुळ्या इंजिनिअरांना परत बोलावलं. सोमवारपासून ते प्रतिस्पर्धी कंपनीचे. फोनसुद्धा करायचा नाही. तिचा गट बंद. तिला नवा गट मिळाला, मोठा, बुद्धिमत्तेसाठीच्या चिपांचा. तिची जुनी पद्धत 'पुरेशी वापरून झाली' असं केंद्रप्रमुखांनी तिला सांगितलं.

शेवटच्या शनिवारी मी पोचले तेव्हा दोघं एकाच पडद्यासमोर बसली होती. तिने माझ्यापुढे युतीच्या कराराचा एक छापील कागद सरकवला.

"ताई, हे कलम त्यांना नीट सांगा. युती चालू असताना दोघांनी मिळून काही केलं आणि नोंदवलं, तर ते दोन्ही कंपन्यांचं. कायमचं. युती उद्या संपते."

मी सांगितलं. त्यांनी पेन्सिलने कलमाखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "यांना विचारा, समजतंय ना? नोंदवलं की यांची पद्धत आमची पण होईल. यांची कंपनी ती कधीच वापरणार नाही आणि आमची वापरेल, असंही होईल. फायदा सगळा आमचा."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "समजते. इथे ठेवली तर नक्की मरते. कोणीतरी वापरेल ना."

"केंद्रप्रमुख?" मी मधे तोंड घातलं. ते माझं काम नव्हतं.

"गटप्रमुखाला नोंदवायचा अधिकार आहे. सोमवारपर्यंत मी गटप्रमुख आहे."

मग वाद झाला तो नोंदणीतल्या नावांवरून. त्यांचं म्हणणं, पहिलं नाव तिचं. तिचं म्हणणं, वयाने मोठे ते. दोघंही अतिशय आदराने एकमेकांना पुढे ढकलत होती आणि दोघांकडचा आदर मला वाहावा लागत होता. शेवटी मी म्हटलं, "मला बस पकडायची आहे." तिने आपलं नाव पहिलं घातलं, त्यांचं दुसरं, आणि नोंदणीचं बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांनी तिला बोलावून विचारलं, "हे कोणाला विचारून केलंस?" "विचारावं असं करारात नाही सर," ती म्हणाली. त्यांनी करार मागवून घेतला. बहुधा पहिल्यांदाच वाचला असावा, कारण नंतर पुन्हा विचारलं नाही.

आता ती दोन-तीन महिन्यांतून कधीतरी शनिवारी आमच्याकडे येते. क्लासची मुलं जिन्यात बसलेली असतात, त्यांच्यातून वाट काढत वर येते आणि चपला काढता काढता विचारते, "तिकडची काही खबर?" तिकडे, म्हणजे जपानी कंपनीत, तिची पद्धत कोणी उघडली की नाही हे तिला कळायला मार्ग नाही; सगळ्या दारांना कुलपं आहेत. माझं काम अजूनही त्यांच्याकडे अधूनमधून असतं. कधी काही कानावर पडलं, तर मला ते सांगता येणार नाही, आणि न पडलं तर तेही. ती हे जाणून आहे. तरी विचारते, आणि मी चहा टाकायला आत गेले की ती बाहेर बसून, माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं का, ते आठवून बघते.